जुन्या गाडीचा ताप आणि मिस्त्रीची नाडीपरीक्षा

उन्हाळा लागला की गॅरेजवर एकच तक्रार वाढते : ‘मिस्त्री, गाडी गरम होते.’ वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यापासून नांदेड, परभणी, हिंगोलीपर्यंत कोठेही जा, मार्च ते जूनमध्ये रेडिएटरच्या दुकानावर गर्दी दिसेलच. मोटार दुरुस्ती, रेडिएटरची झाळणी, ऑटो इलेक्ट्रिक या कामांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. बहुतेकांनी हा हुन्नर उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि तो हातात पक्का बसला आहे. परंतु काम हाताला येते म्हणून निदानही अचूक होते, असे नाही. गाडी तापली की कोणी थर्मोस्टॅट काढून फेकतो, कोणी जुना पंखा काढून विजेचा बसवतो, कोणी नवा रेडिएटर घ्यायला लावतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा दारात उभी राहते. म्हणून आज या पानावर आम्ही जुन्या मोटारींच्या तापण्याचा विषय घेत आहोत.

हा विषय आताच घेण्याला आणखी एक कारण आहे. जुन्या गाड्या शौकाने जपणाऱ्यांचे आता एक वेगळे गिऱ्हाईक तयार झाले आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची १९६१ ते १९७१ या काळातली हेराल्ड, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर, महिंद्राची उघडी जीप या गाड्या कोणी वडिलांची आठवण म्हणून, तर कोणी हौस म्हणून पुन्हा उभ्या करतो. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. पण शौकिनांच्या घरी या गाड्या अजून आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायची नाही, अशी अट. म्हणजे ही गाडी मेळाव्याला, प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला निघणार. आणि नेमक्या अशाच सावकाश चालीत जुनी गाडी तापते. असा मालक पैसे द्यायला मागेपुढे पाहत नाही, पण मूळ भाग खराब झालेला त्याला चालत नाही. हे काम ज्याला नीट येईल त्याचे नाव चार जिल्ह्यांत होईल.

उष्णता जाते कोठे?

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक चतुर्थांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पाणी इंजिनाच्या भोवती फिरते, गरम होऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याला उष्णता देते आणि खालच्या पाइपातून पंपाकडे परत जाते. या फेऱ्यात तीन गोष्टी लागतात : पाणी फिरले पाहिजे, वारा फिरला पाहिजे आणि पाण्यावरचा दाब टिकला पाहिजे. गाडी तापते तेव्हा या तिन्हींपैकी एक तरी अडलेली असते, नाहीतर इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करीत असते. पाचवे कारण क्वचितच सापडेल. निदान म्हणजे या चारांपैकी नेमके कोणते ते शोधणे.

आधी विचारा, मग पाना उचला

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारा : गाडी कधी तापते? याच उत्तरात निम्मे निदान असते.

बाजारात, फाटकावर, रांगेत सावकाश चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा थंड होते, असे सांगितले तर दोष वाऱ्याचा आहे. गाडी ताशी ४०-५० किलोमीटरने पळू लागली की समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो; पंख्याचे काम त्याखालच्या वेगात असते. अशा तक्रारीत पंखा, पट्टा, पंख्याचे कवच आणि जाळीतला कचरा पाहावा.

उलट, गावात बरी चालते आणि मोठ्या रस्त्यावर वेग धरला की काटा चढतो, असे असेल तर पंख्याला हात लावू नका. तेथे पाणी पुरेसे फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या असतात, पंपाची आतली पाती झिजलेली असतात, किंवा खालचा रबरी पाइप ओढीने आत चिकटतो. त्या पाइपात तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली असेल तर गाडी उभी असताना पाइप चांगला दिसतो आणि वेगात मिटतो. एका माणसाला इंजिनाचा वेग वाढवायला सांगून आपण पाइपाकडे पाहावे, लगेच कळते.

चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव मोठा. आणि गाडी वारंवार पाणी खात असेल, पण जमिनीवर गळती दिसत नसेल, तर हेड गॅसकेटचा संशय धरावा.

काटा खरे बोलतो का?

अनेक जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एका छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो काट्यांना सरासरी १० व्होल्ट देतो. तो बिघडला आणि पूर्ण १२-१४ व्होल्ट जाऊ लागले की दोन्ही काटे वर चढतात. म्हणून गाडी ‘तापते’ असे मालक म्हणत असेल, तर पेट्रोलचा काटाही खोटेच भरलेली टाकी दाखवतो का, ते आधी पाहा. तसे असेल तर दोष डॅशबोर्डच्या मागे आहे, इंजिनात नाही. आज दुरून तापमान मोजणारा पिस्तुलासारखा थर्मामीटर सहज मिळतो. थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर तो धरून आकडे लिहून ठेवा. मालकासमोर आकडा दाखवला की वाद राहत नाही.

याच थर्मामीटरने रेडिएटरची जाळीही तपासता येते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर जाळीवर ओळीने माप घ्यावे. वरून खाली तापमान सारखे उतरत गेले तर नळ्या मोकळ्या. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्यांतून पाणी जात नाही. हाताने पाहायचे असेल तर इंजिन बंद करूनच पाहा; विजेचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

पट्ट्यावरचा पंखा

हेराल्ड, पद्मिनी, अँबेसेडर, जीप यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याची तपासणी साधी आहे, म्हणूनच ती राहून जाते. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त सैल असेल तर पट्टा घसरतो, पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. जास्त ताणला तर पंपाचे आणि डायनॅमोचे बेअरिंग जाते. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही, पट्टा बदलावा.

पाती उलटी तर बसवली नाहीत ना, हेही पाहा. इंजिन काढून पुन्हा बसवलेल्या गाडीत ही चूक आढळते. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण वारा पुरेसा ओढत नाही. परीक्षा सोपी : इंजिन सावकाश चालू ठेवून समोरच्या जाळीजवळ कागद धरावा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे.

त्यानंतर कवच. पंखा वारा ओढतो तो रेडिएटरमधूनच आला पाहिजे. बाजूच्या फटीतून आला तर मेहनत फुकट. ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी १९६२ मध्ये हेराल्डच्याच सांगाड्यावरून निघाली. तिच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे पडदे असत. दिसायला क्षुल्लक, पण ते फाटले, कोणी काढून टाकले की समोरचा वारा रेडिएटरला वळसा घालून निघून जातो आणि मालक वर्षानुवर्षे पंप, रेडिएटर बदलत बसतो. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या गाडीत हाच नियम लागू आहे. रेडिएटरच्या कडेला हात जाईल एवढी फट असेल तर जाड रबर, पत्रा किंवा दाबलेला पुठ्ठा लावून ती बंद करा. खर्च किरकोळ, गुण मोठा.

कुरुंद्याच्या परिसरात आणखी एक कारण नजरेआड होते. हा उसाचा आणि हळदीचा मुलूख. टोकाई सहकारी साखर कारखाना याच गावचा. ऊसतोडणीच्या दिवसांत उडणारे पाचट, मळणीचा भुसा, कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ जाळीच्या बारीक पंखांत अडकते. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले होते. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या जाळीत गाळ वाळून सिमेंटसारखा बसतो आणि समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. मागून दिवा धरून पाहावे. उजेड आरपार आला नाही तर वाराही जात नाही. जाळी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर, अशी धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पंख दुमडतात, म्हणून पाणी बेताच्या जोराने मारावे.

विजेचा पंखा

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि विजेचा पंखा घरोघरी माहीत झाला. पाणी ठराविक तापमानाला, साधारण ९० ते ९५ अंशांना पोचले की थर्मो स्विच जोडला जातो, रिले पंख्याला वीज देतो, आणि पाणी सात-आठ अंश उतरले की पंखा थांबतो. पंखा फिरत नसेल तर नवी मोटर आणण्याआधी पुढील क्रमाने पाहा.

पहिली पायरी : फ्यूज. नुसता पाहू नका, टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकांना वीज आहे का ते तपासा. दुसरी : इग्निशन चालू करून थर्मो स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडा. ज्या स्विचला एकच तार असते तिथे ती तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला लावा. पंखा फिरला तर मोटर, रिले आणि फ्यूज ठीक आहेत. दोष स्विचमध्ये, किंवा स्विचपर्यंत गरम पाणीच पोचत नाही. पाणी कमी असेल आणि स्विचभोवती हवेचा फुगा अडकला असेल तर चांगला स्विचही लागत नाही. तिसरी पायरी : पंखा तरीही फिरला नाही तर मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्या. फिरली तर दोष रिलेत किंवा तारेत. नाही फिरली तर मोटरचे ब्रश किंवा बेअरिंग गेले.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पंखा फिरतो, पण दमलेल्या माणसासारखा फिरतो. अशा वेळी पंखा चालू असतानाच मोटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि मोटरवर १०.५ येत असेल तर दोन व्होल्ट वाटेत गेले. गंजलेला अर्थ, बारीक तार, जळका जोड यांपैकी एक कारण सापडेलच. मोटरची काळी तार सरळ बॅटरीच्या अर्थाशी जाड तारेने जोडून पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच पंखा पुन्हा जोर धरतो. पंख्याची पूर्ण वीज डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून कधीही नेऊ नये. स्विचने रिले चालवावा आणि रिलेने पंखा. बॅटरीपासून निघालेल्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज असावा, नाहीतर ताप उतरवायला लावलेल्या पंख्याने आग लागेल.

डायनॅमोचा हिशेब

जुन्या गाडीला विजेचा पंखा लावून द्या, अशी मागणी आता पुष्कळ मालक करतात. काम चांगले आहे, पण आधी गाडीची वीज मोजा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत ल्युकासचा सी-४० जातीचा डायनॅमो असे. त्याची कमाल ताकद २२ अँपिअर, तीही इंजिन वेगात असताना. मध्यम आकाराचा पंखा दहा अँपिअर खातो, दोन्ही हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून जवळपास तेवढेच, इग्निशनला तीन-चार. येथेच मर्यादा संपली. आणि खरी अडचण पुढेच आहे : पंख्याची गरज गाडी मंद चालताना असते आणि त्याच वेळी डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नाही. म्हणजे वरातीत पंखा पूर्ण वेळ बॅटरीवर चालणार, आणि तासाभराने गाडी थंड असेल पण बॅटरी बसलेली असेल. डायनॅमोच्या गाडीला विजेचा पंखा लावायचा तर अल्टरनेटरही लावावा लागेल, हे मालकाला आधी सांगावे. त्याला मूळ रूप बदलायचे नसेल तर मूळ पंखा, कवच आणि रेडिएटर दुरुस्त करून देणे हाच खरा मार्ग. हे भाग चांगल्या स्थितीत असतील तर गाडी भर उन्हातही तापत नाही. कारखान्याने ती तशीच बनवलेली होती.

आणखी एक सावधगिरी. साठच्या दशकातल्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. आजचा पंखा तशा गाडीला नेहमीच्या पद्धतीने जोडला तर तो उलटा फिरतो, आणि अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड त्याच क्षणी जळतात. बॅटरीची कोणती तार बॉडीला गेली आहे, ते पाहूनच कामाला हात घाला.

रेडिएटर : कल्हईचा भाऊबंद हुन्नर

जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. म्हणूनच ते खोलता येतात, झाळता येतात, नव्या जाळीवर पुन्हा बांधता येतात. तांब्याच्या भांड्यांना कथील आणि नवसागराने कल्हई करणाऱ्या कारागिराला जे ठाऊक असते, तेच येथे लागते : धातू आरशासारखा स्वच्छ असल्याशिवाय झाळ धरत नाही, आणि उष्णता जास्त झाली की शेजारचा जोड सुटतो. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांना ही झाळणी चालत नाही. म्हणून तांब्या-पितळेचे काम जाणणारे हात जसजसे कमी होतील, तसतशी त्यांची किंमत वाढणार आहे. मुलाला हा हुन्नर शिकवायचा की नाही, या विचारात असलेल्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. झाळेत शिसे असते. काम मोकळ्या हवेत करावे, धूर तोंडावर घेऊ नये आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना त्या कामापासून दूर ठेवावे.

नळ्या भरल्या असतील तर रेडिएटर काढून उलटा धुवावा, म्हणजे खालच्या तोंडाने पाणी आत सोडून वरच्या तोंडाने बाहेर काढावे. क्षार पातळ असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून काही तास ठेवता येते. नंतर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडा कधीही लावू नका, तो धातूच खातो. क्षाराचा थर जाड असेल तर टाक्या उघडून नळ्यांतून पट्टी घालूनच सफाई होईल.

आणि आमच्या भागातली एक जुनी युक्ती : गळका रेडिएटर बंद करायला त्यात हळद टाकणे. बारीक छिद्र त्याने बुजते, हे खरे. रस्त्यात अडकलेला माणूस घरी पोचावा एवढ्यापुरती ती युक्ती ठीक. पण हळदीला छिद्र कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. ती दोन्ही बुजवते. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी ‘वेगात तापते’ म्हणून आपल्याकडे येते. वसमतची हळद बाजारातच शोभते, रेडिएटरमध्ये नाही.

झाकण, थर्मोस्टॅट आणि पाणी

रेडिएटरचे झाकण हा नुसता बूच नाही, तो दाबाचा वॉल्व आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. ७ पौंडी झाकणाखाली ते साधारण १११ अंशांपर्यंत आणि १३ पौंडी झाकणाखाली ११८-११९ अंशांपर्यंत टिकते. झाकणाचे रबर वाळले, स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही. पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. गाडीला ज्या दाबाचे झाकण नेमलेले आहे तेच घाला. जास्त दाबाचे घातले तर जुनी जाळी किंवा पाइप फुटेल.

थर्मोस्टॅट काढून टाकणे ही आमच्याकडची सर्वांत रूढ चूक. तो साधारण ८२ अंशांना उघडतो. काढला तर इंजिन बराच वेळ थंडच चालते, पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता त्याच आडवाटेने पुन्हा इंजिनात शिरते आणि गाडी अधिकच तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा चहाच्या पातेल्यात होते : तो दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर धरा, पाणी तापवा. कोणत्या अंशाला उघडतो आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटतो का, ते पाहा.

पाणी बोअरचे घालू नका. आमच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी वापरावे आणि त्यात सुमारे तीस टक्के कूलंट घालावे. आपल्याकडे बर्फ जमत नाही, पण कूलंट गंज रोखते आणि उकळबिंदू थोडा वाढवते. निव्वळ कूलंट मात्र भरू नये. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. कूलंट विषारी आणि चवीला गोड असते. ते उघडे ठेवू नका, नालीत ओतू नका. मुले आणि जनावरे दोघांनाही धोका असतो.

दोष पंख्याचा नसतो तेव्हा

इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, कार्बोरेटर पेट्रोल कमी देत असेल किंवा ब्रेक चाकाला धरून राहत असतील, तर इंजिन स्वतःच जास्त उष्णता काढते. अशा गाडीला दोन पंखे लावले तरी गुण येणार नाही. म्हणून पंख्यावर पैसे घालवण्याआधी पॉइंटचे अंतर आणि टायमिंग पाहा. चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवा.

हेड गॅसकेटची परीक्षा इंजिन थंड असतानाच करा. झाकण काढा, पाणी भरा, गाडी चालू करा. पहिल्याच मिनिटापासून बुडबुडे येत राहिले आणि इंजिनाचा वेग वाढवताच वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे. ऑइल दुधाळ झाले असेल किंवा गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर खात्रीच झाली. हेड काढल्यावर ते सरळ पट्टीवर तपासल्याशिवाय नवे गॅसकेट घालू नका. वाकलेल्या हेडखाली नवे गॅसकेटही टिकत नाही.

रस्त्यात तापली तर

आपल्या गिऱ्हाइकाला हे चार शब्द जरूर सांगा. काटा चढला की गाडी सावलीत घ्या आणि इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा तास हात लावू नका; दाबाखालचे पाणी तोंडावर आले की चेहरा, डोळे भाजतात, आणि असे भाजलेले कारागीर व चालक आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. थंड झाल्यावर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते सावकाश चालू ठेवून पाणी थोडे थोडे घाला.

धंद्याचा हिशेब

शेवटी व्यापाराची गोष्ट. या कामाला फार भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दुरून मोजणारा थर्मामीटर आणि रेडिएटरला दाब देऊन गळती पाहण्याचा छोटा पंप, एवढ्या हत्यारांवर निदान होते. तपासणीची मजुरी वेगळी सांगा आणि ती घ्या. निदान हेही काम आहे. साध्या वहीत लिहून ठेवा : गाडी आली तेव्हा वरची टाकी किती, खालची टाकी किती, पंख्याला व्होल्ट किती, काम झाल्यावर किती. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोष दहा रुपयांच्या अर्थाच्या तारेत सापडला तर तसेच सांगा. नव्या मोटरचा नफा त्या दिवशी बुडेल, पण तो माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

गाडी तपासून झाली की ती मोकळ्या रस्त्यावर एकदा आणि गर्दीच्या बाजारातून एकदा चालवून पाहा. मोकळ्या रस्त्यावर रेडिएटर आणि पंपाची परीक्षा होते, बाजारात पंख्याची. दोन्हींत काटा मध्यावर राहिला तरच चावी मालकाच्या हातात द्या.